शेवटचे कडवे: मराठवाड्यातील आंबेडकरी गाणे आणि त्याचे कवी

मराठवाड्यातील आंबेडकरी गाण्याची आजची स्थिती पाहिली, तर गायकांची उणीव कोठे जाणवत नाही आणि ध्वनिमुद्रणांची तर नाहीच नाही. उणीव आहे ती गाणे लिहिणाऱ्याच्या नावाची. बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे परळी-अंबाजोगाई परिसरातील गाव अभ्यासकांना ठाऊक आहे ते मुख्यतः तेथील चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरामुळे, आणि त्या मंदिराच्या शिल्पांवर लिहिलेही गेले आहे. परंतु अशाच गावांतून १४ एप्रिलला जी गाणी कर्ण्यावरून दिवसभर वाजतात, त्यांचे कवी कोण, हे सांगणारा कागद बहुधा कोणाजवळ नसतो.

असे होण्याचे कारण परंपरेत नाही. उलट मराठी पदरचनेने कवीचे नाव राखण्याची सोय रचनेतच केली होती. शेवटच्या कडव्यात कवीने स्वतःचे नाव गुंफायचे, यालाच नाममुद्रा किंवा छाप म्हणतात. अंबाजोगाईचे दासोपंत आपल्या पदांत ‘दिगंबर’ ही मुद्रा घालत, आणि वामनदादा कर्डक यांच्या रचनांच्या अखेरीस ‘वामन’ येतो तो याच जुन्या रीतीने. गायन पार्टीच्या, म्हणजे पेटी, ढोलकी आणि कोरस घेऊन रात्रभर गाणाऱ्या मंडळींच्या, बैठकीत ही रीत नीट चालत असे, कारण तेथे वेळेचा हिशेब नव्हता. मुखडा घोळवला जाई, मध्ये शेर पेरले जात, समोरच्या पार्टीला सवाल टाकला जाई आणि मुद्रेचे कडवे आले की गाणे संपत आले हे श्रोत्याला कळत असे. वहीत उतरवून घेणाऱ्यालाही कवीचे नाव वेगळे विचारावे लागत नव्हते.

ध्वनिमुद्रणाने हे गणित बदलले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटेच मावत असत, आणि पुढे ध्वनिफितीने जागा वाढवली तरी एका बाजूवर जितकी अधिक गाणी बसतील तितका मालाला उठाव, हा बाजाराचा हिशेब कायम राहिला. त्यातून गाण्याचा जो साचा ठरला, त्यात मुखडा, वाद्यांचा तुकडा आणि दोन-तीन अंतरे यांना स्थान होते; कात्री लागायची वेळ आली की ती अर्थातच शेवटाकडून लागते, आणि शेवटाला तर कवी बसलेला असतो. वेष्टनावर गायकाचे छायाचित्र मोठे, कवीचे नाव असलेच तर भिंग घेऊन वाचावे इतके बारीक. वेष्टन हरवले की तेवढाही पुरावा संपला.

वामनदादा (१९२२–२००४) हे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. मुंबईत कष्ट करीत प्रौढपणी ते लिहा-वाचायला शिकले आणि त्यांच्या रचनांची संख्या पुढे हजारोंत सांगितली जाऊ लागली. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ अशा संग्रहांतून त्यांची काही गाणी छापली गेली, म्हणून त्यांचे नाव टिकले. ज्या वर्षी ते गेले त्याच वर्षी गायक प्रल्हाद शिंदे यांचेही निधन झाले, आणि या दोघांच्या मागे जे उरले त्याची तुलना उद्बोधक आहे. शिंदे यांचा आवाज आनंद व मिलिंद या मुलांकडे आणि तेथून नातू आदर्श यांच्याकडे गेला, म्हणजे गायकीचे घराणे झाले. कवीला असा वारसा सहसा लाभत नाही. त्याला लागतो तो आठवण राखणारा सहगायक. अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, दादू साळवे हे असे गायक. त्यांनी वामनदादांच्या रचना आयुष्यभर गायल्या, आणि गुरूची गाणी गाणे हेच त्यांच्या लेखी गुरूचे स्मरण होते.

बीड जिल्ह्यापुरते पाहायचे, तर याहून बोलके उदाहरण शाहीर आत्माराम साळवे (१९५३–१९९१) यांचे आहे. माजलगाव तालुक्यातील भाटवडगावचा हा कवी नामांतर आंदोलनाचा शाहीर होता. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, त्यावरून मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि प्रत्यक्ष नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. साळवे तो दिवस पाहू शकले नाहीत. अशी गाणी सभेपुरती, मोर्चापुरती, कित्येकदा जागच्या जागी रचली जातात आणि स्टुडिओला त्यांत रस नसतो, त्यामुळे ती उरली ती सोबत्यांच्या कंठात आणि वह्यांत. केशव वाघमारे यांनी ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयासाठी मराठवाड्यातील शाहिरांवर जे काम केले, त्यात आत्माराम साळवे आणि दादू साळवे हे दोघेही आहेत. व्यापारी ध्वनिमुद्रणाच्या एवढ्या वर्षांत जे झाले नाही, ते अशा एकट्या-दुकट्या अभ्यासकाने करावे, ही या कलेच्या व्यवस्थेवरची टीकाच मानावी लागेल.

येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. जात्यावरच्या ओवीला नाममुद्रा नसते. ती कोणी रचली हे गाणारीलाही सांगता येत नाही. तरीही हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करताना गाणारीचे नाव आणि गाव टिपले, आणि बर्नार्ड बेल यांच्यासह नव्वदीच्या दशकात जे ध्वनिमुद्रण झाले त्यात माजलगावच्या भीमनगरमधील बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या नावानिशी नोंदल्या गेल्या. म्हणजे जेथे नाव नव्हते तेथे ते राहिले, आणि जेथे कवीने स्वतः गुंफले होते तेथून ते गळाले. दोष यंत्राचा नव्हे. यंत्र दोन्हीकडे सारखेच होते. फरक होता तो ते यंत्र कोणी, कशासाठी चालू केले याचा.

मुंबईत विलास घोगरे यांचे स्मरण चित्रपटाने राखले. रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारानंतर या शाहिराने आपले जीवन संपवले, आणि आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) तेथूनच सुरू होतो. घोगरे यांचे सहकारी संभाजी भगत यांनी पुढे ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटातील लोकशाहिराला गाणी दिली, त्यामुळे शाहिरी थेट जगभरच्या पडद्यांवर पोहोचली. परंतु असा दिग्दर्शक प्रत्येक शाहिराच्या वाट्याला येत नाही, आणि बीड-परभणीकडच्या शाहिराच्या तर नाहीच.

मोबाइलने स्टुडिओची मक्तेदारी मोडली हे खरे. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन घराघरांत पोहोचल्या त्या त्याच वाटेने. वेळेची मर्यादाही आता उरलेली नाही, म्हणून शेवटचे कडवे गाळण्याला सबब राहिलेली नाही. कायदाही कवीच्या बाजूने आहे: रचनेवरील हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा मानधनातील वाटा अधिक भक्कम केला. आत्माराम साळवे यांच्या रचनांवरील हा हक्क २०५१ च्या अखेरपर्यंत आहे. मात्र कवी कोण हेच नोंदलेले नसेल, तर तो मागायचा कोणी आणि द्यायचा कोणाला? तेव्हा धर्मापुरी असो वा माजलगाव, जयंती मंडळांनी गाणे लावण्यापूर्वी कवीचे नाव पुकारावे, आणि ज्यांच्या घरी गायन पार्टीच्या जुन्या वह्या आहेत त्यांनी त्या रद्दीत घालण्याआधी एकदा कोणा जाणकाराला दाखवाव्यात.