भौगोलिक संचिकांच्या सूचीनोंदी : यांत्रिक रूपांतराची मर्यादा

नकाशाची संगणकीय संचिका आणि माहितीसूचीतील तिची नोंद या दोन भिन्न वस्तू होत. ग्रंथ व त्याचे तालिकापत्र यांत जो भेद, तोच येथेही आहे. तथापि ग्रंथपाल तालिकापत्र लिहिण्यापूर्वी निदान ग्रंथाचे शीर्षकपृष्ठ उघडून पाहतो. संचिकांवरून नोंदी काढणारी आज्ञावली मात्र संचिकेत जे सांकेतिक रूपात सापडेल तेवढेच उचलते. भूमाहितीच्या नोंदीत काय असावे, हे आयएसओ १९११५ या मानकाने २००३ मध्ये निश्चित केले. २०१४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. माहिती कोठून व कोणत्या प्रक्रियेतून आली, यासाठी त्या मानकात स्वतंत्र स्थान आहे. सर्वाधिक परिचित अशा शेपफाइलच्या मूळ घटकांत ते नाही, म्हणून नोंदीतही ते रिकामे राहते.

रिकाम्या जागेपेक्षा चुकीने भरलेली जागा अधिक घातक ठरते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला आणि महाराष्ट्रातील जिल्ह्यांची संख्या ३५ वरून ३६ झाली. समजा, ३५ जिल्ह्यांची जुनी संचिका कोणी २०२० मध्ये नव्याने जतन केली. आज्ञावली संचिकेचा दिनांक पाहून नोंदीत २०२० लिहिते. संशोधक तो सीमांचा दिनांक समजतो आणि पालघरची आकडेवारी ठाण्यात मिसळते. येथे दोष संशोधकाचा म्हणता येणार नाही.

व्याप्तीचेही तसेच. नोंदीत पश्चिम, पूर्व, दक्षिण व उत्तर अशा चार टोकांचा आयत दिला जातो. महाराष्ट्राभोवती असा आयत काढला की सुरत, हैदराबाद आणि बेळगाव ही तिन्ही शहरे त्यात येतात. शोध जलद होतो हे खरे, पण आयत म्हणजे राज्य नव्हे. मराठी अभ्यासकाची अडचण याहून सूक्ष्म आहे. शेपफाइलच्या डीबीएफ भागात स्तंभाच्या नावाला १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘तालुका’ हा साधा शब्दही त्यात मावत नाही! परिणामी स्तंभांची नावे रोमन आद्याक्षरांची होतात आणि नोंदीत तीच अर्थहीन अक्षरे उतरतात.

हजारो संचिकांची नोंद हाताने करणे अशक्य आहे, हा यांत्रिक रूपांतराच्या समर्थकांचा युक्तिवाद मान्य करावाच लागतो. प्रश्न यंत्राचा नाही, त्याने गृहीतकाला तथ्याचे रूप देण्याचा आहे. प्रक्षेपणाची माहिती देणारी पीआरजे संचिका हरवली असता काही आज्ञावली डब्ल्यूजीएस ८४ हा संदर्भ गृहीत धरतात. भारतातील जुने स्थलदर्शक नकाशे मात्र एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले आहेत. त्या अंकांना डब्ल्यूजीएस ८४ म्हटल्यास स्थान जमिनीवर इतके सरकते, की एकाची विहीर दुसऱ्याच्या शेतात दिसू लागते. अशा नोंदीत ‘संदर्भ अज्ञात’ एवढेच लिहिले असते, तर तिच्यावर कोणी विसंबले नसते.