‘स्त्रीपुरुष’ या समासांतील पदक्रमाविषयीं

‘स्त्रीपुरुष’ हा शब्द रोजच्या व्यवहारांतला आहे. त्यांत स्त्री आधीं व पुरुष मागून येतो, यावरून आपल्या पूर्वजांनीं स्त्रीस अग्रमान दिला होता, असें अनुमान व्याख्यानांतून व कांहीं इतिहासपर लेखांतूनही काढलेलें आढळतें. जोडीस लक्ष्मीनारायण, गौरीशंकर, उमामहेश्वर हीं दैवतनामें उभीं करण्यांत येतात. अनुमान मनास सुखविणारें आहे; परंतु प्रमाणाच्या कसोटीस तें उतरत नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम व्याकरण पाहूं. द्वंद्वसमासांत ज्या पदांत स्वर कमी तें आधीं ठेवावें, असा पाणिनीचा नियम आहे (२.२.३४). ‘स्त्री’ या पदांत स्वर एक, ‘पुरुष’ यांत तीन. तेव्हां स्त्रीपद पुढें आलें तें लहान म्हणून. दैवतनामांचीही तीच गति. लक्ष्मी दोन स्वरांची, नारायण चारांचा. गौरी दोन, शंकर तीन. उमा दोन, महेश्वर चार. उलट जेथें पुरुषाचें नांव लहान, तेथें तें पुढें येतें: शिवपार्वती, विठ्ठलरखुमाई, नळदमयंती. या शब्दांवरून पार्वतीची किंवा रखुमाईची अवहेलना झाली असें कोणी म्हणत नाहीं. मग पहिल्यांवरून गौरव तरी कोणत्या न्यायानें काढावा?

यावर ‘मातापिता’ हा शब्द पुढें करण्यांत येईल. तेथें स्वर समान आहेत, आणि ‘अभ्यर्हित’ म्हणजे अधिक पूज्य तें आधीं, असें कारण वार्तिककारांनीं दिलें आहे. हें आम्हांस मान्य आहे. परंतु तो मान मातेचा, स्त्रीमात्राचा नव्हे. सीताराम, राधाकृष्ण यांत स्वर समान असून स्त्रीनाम पुढें आहे. तसेच ते नरनारी, राजाराणी यांतही समान आहेत, आणि तेथें पुरुष पुढें आहे. शिवाय त्याच अष्टाध्यायींत एकशेषाचें प्रकरण आहे. माता व पिता मिळून विकल्पानें ‘पितरौ’ असें रूप होतें (१.२.७०), मातेचें पद लोपतें, पित्याचें उरतें. पदक्रमावरून गौरव काढणारानें या लोपावरून काय काढावें?

मराठी बोलींतही असाच प्रकार आहे. आईबाप, सासूसासरे म्हणणारा मनुष्यच नवराबायको, मामामामी म्हणतो. नात्यागणिक त्याचें मत पालटतें असें नाहीं.

ताराबाई शिंदे यांचें ‘स्त्रीपुरुषतुलना’ सन १८८२ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याच्या नांवांत स्त्री आधींच आहे. पुस्तक मात्र तिच्या वाट्यास आलेल्या अन्यायाविषयीं आहे. हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलासारखा जन्मतः हक्क महाराष्ट्रांत १९९४ मध्यें व पुढें २००५ च्या दुरुस्तीनें देशभर मिळाला. इतकें स्थित्यंतर झालें, तरी समासांतील पदें आपापल्या जागीं तशींच राहिलीं. जी गोष्ट स्थितीबरोबर बदलत नाहीं, ती स्थितीचा पुरावा होऊं शकत नाहीं.

म्हणून आमची सूचना इतकीच कीं, पूर्वींच्या स्त्रियांची स्थिति ज्यांस शोधावयाची आहे त्यांनीं वतनपत्रें, निवाडे, दत्तकाचे व स्त्रीधनाचे कागद तपासावे. त्यांतून निघेल तें प्रिय असो वा अप्रिय, तें तसेंच लिहावें.