‘खलनायक’ या शिक्क्यापलीकडे : निळू फुले यांच्या अभिनयाचा एक विचार

मराठी चित्रपटसृष्टीत निळू फुले (१९३०-२००९) यांच्याविषयी जे लेखन झाले आहे, त्याचा मोठा भाग आठवणींच्या स्वरूपाचा आहे. पडद्यावरील दुष्टपणामुळे प्रत्यक्ष जीवनातही स्त्रिया त्यांना पाहून बिचकत, ही आठवण त्यात हमखास येते व ती त्यांच्या अभिनयाची सर्वांत मोठी पावती म्हणून नोंदविली जाते. ही पावती अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रेक्षक कोणत्याही बऱ्यापैकी खलनायकाचा तिरस्कार करतो. त्या तिरस्कारात ओळखीचा अंश किती होता आणि तो कोठून आला, हा खरा समीक्षेचा प्रश्न होय.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या मागे जावे लागते. पुण्यात वाढलेले आणि तरुणपणी तेथील सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले फुले हे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडले. सेवा दलाच्या कलापथकांनी तमाशातील गण, गौळण, बतावणी आणि वग यांचा सांगाडा घेऊन त्यात समाजप्रबोधनाचा आशय भरला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधील रोंग्या ही फुले यांची गाजलेली भूमिका याच काळातील. त्यानंतर शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने त्यांचे नाव महाराष्ट्रभर पोहोचविले. वगातील सोंगाड्याचे काम मुळातच राजाच्या शेजारी उभे राहून राजाची खोड काढण्याचे असते. त्यासाठी राजा कसा बसतो, कसा हुंकार देतो, कोणत्या शब्दावर थांबतो आणि कोणाकडे न पाहता बोलतो हे सोंगाड्याला राजापेक्षाही बारकाईने ठाऊक असावे लागते. फुले यांच्या अभिनयाची शाळा ही होय. १९६८ मध्ये अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त झेले अण्णांच्या रूपाने ते पडद्यावर आले आणि पुढे सरपंच, पाटील, कारखान्याचा अध्यक्ष अशा भूमिकांत स्थिरावले, तेव्हा सोंगाड्यानेच राजाची गादी घेतली, असे म्हणता येईल. गादीवर बसल्यावरही त्याच्या डोळ्यांतील सोंगाड्याची नजर गेली नाही. त्यांचा खलपुरुष भीतिदायक असूनही किंचित हास्यास्पद का वाटतो, याचे कारण बहुधा येथे आहे.

या भूमिकांचा काळही लक्षात घेतला पाहिजे. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून पंचायत राज्याची त्रिस्तरीय रचना अस्तित्वात आली. सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका आणि खरेदी-विक्री संघ यांच्याभोवती ग्रामीण भागात नवे सत्ताधारी उदयास आले. जुन्या वाड्यातील वतनदार आणि नव्या संस्थांतील अध्यक्ष हे अनेक ठिकाणी एकाच घरातील होते. फुले यांनी साकारलेला माणूस हा या सांध्यावरचा माणूस आहे. त्याचे धोतर आणि टोपी जुनी, पण हातातील साधने नवी. आमच्या कळंबसारख्या वऱ्हाडातील कापसाच्या मुलखात उसाचे राजकारण तसे परके. आमच्याकडील पाटील-देशमुखांची बोली वेगळी, त्यांचा रुबाबही वेगळा. तरीही यात्रेतील तंबूत पडद्यावर दिसणारा हा पश्चिम महाराष्ट्रातील सरपंच येथील प्रेक्षकाला अनोळखी वाटला नाही. गाव ओळखीचे नसले तरी ती बसण्याची ढब त्याच्या परिचयाची होती.

जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’ (१९७५) हा या परंपरेतील मानदंड होय. त्यातील हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट आहे. डॉ. श्रीराम लागू यांचा दारूच्या आहारी गेलेला, एके काळचा ध्येयवादी मास्तर त्याच्या गावात येतो आणि नाहीशा झालेल्या मारुती कांबळेविषयी विचारू लागतो. सामान्य कुवतीच्या नटाने येथे हिंदुरावाला संतापलेला दाखविला असता. फुले त्याला कुतूहल बहाल करतात. हा फाटका माणूस आपल्याला का घाबरत नाही, याचे हिंदुरावाला खरोखर नवल वाटते. तो त्याला आश्रय देतो, त्याच्याशी बोलत बसतो. घोगरा, शब्द ओढून सोडणारा आवाज चढण्याऐवजी खाली उतरतो, पापण्या अर्ध्या मिटतात आणि समोरच्याला उत्तर मिळण्यापूर्वी एक दीर्घ विराम येतो. सत्ताधाऱ्याला घाई नसते, हे सत्य संवादांपेक्षा या विरामांतून अधिक कळते. लागूंचा अस्वस्थ, तुटक अभिनय आणि फुले यांचा संथपणा यांतील संघर्ष हाच या चित्रपटाचा गाभा आहे. बर्लिन येथील १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात हा चित्रपट दाखविला गेला, तो याच जोडीच्या बळावर, असे म्हटल्यास तेंडुलकरांच्या लेखणीवर अन्याय होईल. परंतु ही जोडी वगळून त्या लेखणीची कल्पनाही करता येत नाही.

तत्पूर्वी १९७२ मध्ये कमलाकर सारंग यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर उभा केला होता. परीक्षण मंडळाची हरकत आणि न्यायालयीन लढा यांमुळे या नाटकाची चर्चा प्रामुख्याने श्लील-अश्लीलतेच्या अंगाने झाली व अभिनयाचा विचार मागे पडला. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणून आपल्या अटींवर ठेवणारा सखाराम स्वतःला दांभिक समाजापेक्षा प्रामाणिक समजतो. त्याच्याजवळ गाव नाही, कारखाना नाही. त्याची सत्ता चार भिंतींपुरती आहे आणि नाटकाच्या अखेरीस तीही कोसळते. चंपाचा खून केल्यानंतरचा सुन्न सखाराम आणि सूत्रे हाती घेणारी लक्ष्मी हा शेवट ज्या नटाला पेलावयाचा आहे, त्याने आधीच्या अंकांतील दरडावणीतच त्या कोसळण्याची चाहूल पेरावी लागते. मोठमोठ्याने आपले नियम सांगणारा माणूस आतून किती भित्रा असतो, हे फुले यांना सोंगाड्याच्या अनुभवातून ठाऊक असणार.

येथे एक अप्रिय मुद्दा टाळता येत नाही. १९७० नंतरच्या दोन दशकांत त्यांच्या वाट्याला आलेल्या ग्रामीण चित्रपटांपैकी अनेकांत वाड्यावर बोलावणे, असहाय स्त्री आणि तिच्यावरील अत्याचार हा ठरीव साचा होता. अत्याचाराचा निषेध हे त्याचे निमित्त असे आणि गल्ला त्या दृश्यावर जमे. स्त्री-पुरुष समतेचा आग्रह धरणाऱ्या सेवा दलातून आलेल्या कलावंताने हे का स्वीकारले, असा प्रश्न विचारणे म्हणजे त्यांचा अनादर नव्हे. पोटापाण्याचे कारण खरे, पण ते पुरेसे नाही. खलपुरुषाविषयी घृणा उत्पन्न होणे म्हणजेच प्रबोधन, अशी एक समजूत त्या पिढीत होती. मात्र घृणेबरोबरच त्या लकबींची नक्कल करण्याची गंमतही प्रेक्षकाने उचलली, आणि महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून ती आपण सर्वांनी पाहिली आहे. ज्या आवाजाने सत्तेचे सोंग उघडे पाडले, तोच आवाज छेडछाडीचा विनोद होऊन उरला. याचा सारा दोष नटाचा नाही, पण तो त्याला पूर्णपणे चुकविताही येत नाही.

‘सिंहासन’ (१९७९) मधील दिगू टिपणीस त्यामुळेच विशेष महत्त्वाचा ठरतो. अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ व ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवर आधारलेल्या या चित्रपटात मुख्यमंत्री आहे, अर्थमंत्री आहे, कामगार पुढारी आहे, आणि या सर्वांकडे पाहणारा एक पत्रकार आहे. सत्ताधाऱ्याच्या भूमिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या नटाला येथे साक्षीदार केले, ही जब्बार पटेलांची निवड विलक्षण म्हटली पाहिजे. फुले येथे जवळजवळ काहीच करीत नाहीत. ते ऐकतात, आणि सर्व काही कळूनही छापता येत नाही अशा माणसाचा थकवा त्यांच्या खांद्यांत साचत जातो. शेवटी दिगूला वेड्यासारखे हसू फुटते, तेव्हा वगातील सोंगाडी पुन्हा प्रकट होतो; फरक इतकाच की आता त्याच्या हसण्यावर हसणारा प्रेक्षक समोर नाही. जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’ नाटकातील अप्पाजी, हा पोटच्या मुलाच्या राजवटीशी झगडणारा वृद्ध गांधीवादी, याच बाजूचा. ‘सारांश’ (१९८४) मधील गजानन चित्रे मात्र पुन्हा पलीकडच्या तीरावरचा, शहरी पोशाखातील हिंदुराव. हिंदी चित्रपटांनी त्यांना याहून फारसे वेगळे काही दिले नाही.

पडद्याबाहेर ते अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आणि सामाजिक परिवर्तनाच्या चळवळींशी अखेरपर्यंत जोडलेले राहिले. १९९१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना लाभला. दि. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. डॉ. लागू यांच्यासमवेत त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. पूर्ण वेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे, हा त्या निधीचा हेतू होता. गावोगावी तिकिटे काढून आलेल्या त्या प्रेक्षकांपैकी कित्येकांना हिंदुराव धोंडे पाटील प्रत्यक्ष पाहावयाचा होता.