नायकाचा प्रवास : गोष्ट नेमकी कुठे संपवायची?

जोसेफ कॅम्पबेलचं ‘द हिरो विथ अ थाउजंड फेसेस’ हे पुस्तक 1949 साली आलं. जगभरच्या नायककथांचा सांगाडा एकच आहे, असा त्याचा दावा. भाग तीन : प्रस्थान, दीक्षा, पुनरागमन. टप्पे सतरा. नायकाला हाक येते, मदतनीस भेटतो, तो उंबरठा ओलांडतो, कसोट्यांतून जातो आणि काहीतरी मोलाचं घेऊन आपल्या माणसांत परततो.

ग्रीक पुराणकथांतल्या पर्सियसला हे माप छान बसतं. राजा त्याला मेड्युसाचं मुंडकं आणायला पाठवतो, अथेना आणि हर्मीस मदत करतात, तो परत येऊन त्याच मुंडक्याने राजाचा दगड करतो आणि आईला सोडवतो. झालं, चौकट सिद्ध!

आता जेसन घ्या. अपोलोनियसचं ‘अर्गोनॉटिका’ हे महाकाव्य इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं. सोनेरी लोकर घेऊन जहाज किनाऱ्याला लागतं आणि काव्य तिथेच थांबतं. पुनरागमनाच्या रकान्यात टिक! पण युरिपिडीजचं ‘मेडिया’ (इ.स.पू. 431) उघडा. ज्या मेडियामुळे लोकर मिळाली तिलाच जेसनने टाकलंय. शेवटी त्याची नवी बायको, सासरा, दोन्ही मुलगे सगळे मेलेले. तुझ्याच जहाजाचा तुकडा डोक्यात पडून मरशील, हे मेडिया त्याला ऐकवते. नायक तोच, पण गोष्ट कुठे कापली यावर निष्कर्ष बदलला.

हेराक्लीसचं प्रकरण त्याहून अवघड आहे. अपोलोडोरसच्या नावावरच्या ग्रंथात तो वेडाच्या भरात आपली मुलं मारतो आणि मग ती प्रसिद्ध कामं त्याच्या वाट्याला येतात. म्हणजे हत्या हे प्रवासाचं कारण. युरिपिडीजच्या नाटकात मात्र कामं उरकून तो घरी येतो, कुटुंबाला वाचवतो आणि त्यानंतर बायको-मुलांना मारतो. एकच घटना एकीकडे सुरुवातीला, दुसरीकडे परतल्यावर. मग ती कुठल्या टप्प्यात टाकायची?

यावर कॅम्पबेलकडे उत्तर आहे : काही कथा एखाददुसराच टप्पा घेऊन फुलवतात, सगळे टप्पे असलेच पाहिजेत असं नाही. मला विचाराल तर खरी अडचण इथेच आहे. टप्पा सापडला तर पुरावा, नाही सापडला तर ‘वेगळं रूप’. मग चौकट चुकली असं कधी म्हणायचं? ज्या मापात काहीही बसतं, त्याने काहीच मोजलं जात नाही.

म्हणून चौकट फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. दोन कथा शेजारी ठेवून फरक शोधायला ती कामाची आहे. जेसनचं परतणं पर्सियससारखं का नाही, हा प्रश्न तिच्यामुळेच सुचतो. फक्त प्रश्न सुचवणारी गोष्ट आणि उत्तर सिद्ध करणारी गोष्ट यांत गल्लत नको.

विषय कुठलाही असो, तयार मॉडेल हातात घेण्याआधी तीन ओळी लिहून ठेवा. कुठली आवृत्ती किंवा कुठला डेटा वापरणार? त्याची सुरुवात आणि शेवट कुठे धरणार, आणि का? काय दिसलं तर मॉडेल लागू पडत नाही असं मान्य करणार? तिसरी ओळ लिहिता येत नसेल, तर विश्लेषण सुरू करायची घाई करू नका.