गाव वसवलं कोणी? गोव्याच्या १५२६च्या दस्ताची चिकित्सा

आजचा दस्त गोव्याचा आहे. पण बीडच्या श्रोत्यांना तो लवकर कळेल. देवस्थान इनाम काय, खिदमतमाश जमीन काय, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही.

पोर्तुगिजांनी १५१० साली तिसवाडी घेतली, १५४३ मध्ये बारदेश आणि सासष्टी. याला आपण वसाहत म्हणतो. पण शेतीची गावं त्यांनी वसवली नव्हती, ती आधीपासून नांदत होती. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया या अधिकाऱ्यानं तिथल्या रूढी लिहून काढल्या. हाच तो ‘फोराल’. त्यात म्हटलंय की गावकरांच्या पूर्वजांनी पडीक जमीन लागवडीला आणली, म्हणून कारभार त्यांचा. जमीन सामायिक. ती लिलावानं कसायला द्यायची, सारा भरायचा, उरेल ते गावकरांत वाटायचं.

आता चिकित्सा करू. हा दस्त लिहून घेणाऱ्याला सारा हवा होता, आणि सांगणाऱ्याला हक्क. म्हणून गाव वसवल्याची ही कथा मला इतिहासापेक्षा दाव्यासारखी वाटते. तिथली खाजण शेती बघा. खाडीकाठी मातीचे बांध, पाणी आत-बाहेर सोडायला ‘मानस’ नावाची दारं, खारेपणा सोसणारं कोरगुट भात. बांध फुटला की खारं पाणी शिवारात शिरतं आणि पीक जातं. म्हणजे गाव एकदा वसवून भागत नाही, दर पावसाळ्यात ते राखावं लागतं. पण वाटा मिळतो गावकराच्या वंशाला, चिखल वाहणाऱ्या मजुराला नाही.

धर्माचंही तसंच. १५४० मध्ये तिसवाडीतली देवळं पाडली गेली, आणि १५४१ मध्ये त्यांच्या जमिनींचं उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळवलं गेलं. पुढं सासष्टीतही देवळं पडू लागली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला. तो मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. ही हकिकत आपण श्रद्धेची म्हणून सांगतो, आणि ते दुःख खरंच आहे. पण देव नदीपार गेले तरी जमीन मागंच राहिली. ही बाजू बघायला दामोदर कोसंबींनी शिकवलं. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) मधला त्यांचा जुन्या काबिजादीतल्या ग्रामसंस्थेवरचा निबंध आवर्जून वाचा. धर्म, जात आणि भातशेती यांचा हिशेब ते एकत्र मांडतात.

धर्म बदलला, तरी गावकर गावकरच राहिले. ताळगावात आजही ऑगस्टमध्ये नव्या भाताची कणसं कापून चर्चमध्ये नेतात, आणि पहिलं कणीस कापायचा मान गावकरांचा असतो.

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊस तोडायला माणसं जातात. त्यांच्या कोयत्यावर कारखाने चालतात, पण वाटेकरी कोण, तर ज्यांचं नाव सातबाऱ्यावर. म्हणून कुठलाही जुना दस्त हाती आला, तर गाव वसवलं कोणी एवढंच विचारून थांबू नका. बांध दरसाल कोण घालत होतं आणि त्याचं नाव कागदावर आहे का, हेही विचारा.