मारिओची घाई

आमच्या डाळजला नंबर 1, 2 आणि 3 अशी गावे असल्यामुळे व्हिडिओ गेममधल्या पातळ्यांचे मला कधीच अप्रूप वाटले नाही. त्यातल्या संगीताचे मात्र आजही वाटते. परवा पुतण्याने ‘सुपर मारिओ’च्या चालीचा स्वतः केलेला हिपहॉप रिमिक्स ऐकवला. वर म्हणाला, “नाना, खरं सांगा हं!” (काउंटरवर असा आग्रह कुणी करत नाही.)

ठेका दणदणीत. उजनीच्या पाण्यावरचे रोहित उठावेत असा! मधला रॅपही झकास; एस.टी. चुकल्याची हकिकत होती. पण चाल? कोजी कोंदो या गृहस्थाने 1985 साली ती बांधली ती चार आवाजांत. दोन सुरावटीला, एक खर्जाला, एक खडखडाटाला. एवढ्या भांडवलावर एवढा नफा आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकात नव्हता! शिवाय घड्याळ शंभराखाली आले की तीच चाल धावत सुटे आणि आमच्या छातीत मार्चअखेर सुरू होई. पुतण्याच्या रिमिक्समध्ये ती जेवून शतपावलीला निघाली होती. एस.टी. चुकणार कशी नाही?

“ठेका ठेव, घाई परत आण,” मी म्हणालो. पोरगा काही न बोलता उठून गेला. बायकोने माझ्याकडे पाहिले.

रात्री माडीवरून चाल ऐकू आली. जरा भरभर. मी ताट तसेच ठेवून जिना चढलो.