दुसरी फळी किती मजबूत? विदर्भाच्या क्रिकेटवरचा वाद आणि त्यातला पुराव्याचा घोळ

रणजी करंडक विदर्भाने तीनदा जिंकला: २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. १९५७-५८ पासून खेळणाऱ्या संघाला पहिलं विजेतेपद मिळायला साठ वर्षं लागली, आणि मग आठ मोसमांत तीन मिळाली. तेव्हापासून यवतमाळात क्रिकेटचा विषय निघाला की गाडी एकाच ठिकाणी येऊन अडते: आपली दुसरी फळी, म्हणजे ज्याला सगळे ‘बेंच स्ट्रेंथ’ म्हणतात ती, खरंच मजबूत आहे का?

या वादात साधारण तीन पक्ष असतात. पहिला म्हणतो, विदर्भाकडे एक गेला की दुसरा तयार असतो, म्हणून तर जिंकतो. दुसरा म्हणतो, कसली फळी? बाहेरचे आणले म्हणून जिंकलो. तिसरा पक्ष खास आपल्या जिल्ह्याचा. त्याचं म्हणणं, “नागपूरचं नागपूरले. आपल्या यवतमाळचे पोट्टे काहून नाही दिसत मंग?”

आज मला या तिन्ही युक्तिवादांची चिकित्सा करायची आहे. चाहत्यांना क्रिकेट कळत नाही असं मुळीच नाही. यातल्या बऱ्याच जणांना दहा वर्षांपूर्वीचा स्कोअरकार्ड तोंडपाठ असतो. अडचण माहितीची नाही, माहितीवरून निष्कर्षावर उडी मारण्याची आहे. पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, हीच उडी आपल्या प्रस्तावांतही असते. तिथे ती ‘परिणामांचा अभ्यास’ अशा भारदस्त नावाखाली लपते, एवढाच फरक.

आधी शब्दाचं काय ते ठरवा

‘दुसरी फळी’ म्हणजे नेमकं कोण? पंधरा जणांच्या संघात निवड झाली पण अकरात नाही, ते चौघं? की २३ वर्षांखालच्या संघात खेळणारे? की विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत क्लबचं क्रिकेट खेळत निवडीची वाट बघणारे? आणि दुसऱ्या राज्यातून येऊन विदर्भाकडून खेळणारा खेळाडू यात धरायचा की नाही?

संशोधन पद्धतीच्या पेपरात ‘कार्यात्मक व्याख्या’ हा प्रश्न आपण पाच मार्कांसाठी पाठ करतो. तिची गरज काय, ते या वादात दिसतं. २०२५ च्या नागपूरच्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध विदर्भाची अवस्था ३ बाद २४ होती. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी डाव उचलला. मालेवारने १५३ केल्या, नायरने ८६ आणि दुसऱ्या डावात १३५. मालेवार विदर्भातच घडलेला, पहिलाच रणजी मोसम खेळणारा पोरगा. नायर कर्नाटकातून आलेला, कसोटीत त्रिशतक ठोकलेला फलंदाज. आता गंमत बघा, ही एकच भागीदारी दोन्ही पक्ष पुरावा म्हणून देतात. पहिला मालेवारचं नाव घेतो, दुसरा नायरचं.

एकच पुरावा दोन उलट निष्कर्षांना सारखाच लागू पडत असेल, तर बहुधा प्रश्नच दोन आहेत. एक प्रश्न संघाचा: विदर्भ नावाच्या संघाकडे पुरेसे पर्याय आहेत का? यात नायर, ध्रुव शोरे आणि त्यांच्याआधीचे वसीम जाफर, गणेश सतीश हे सगळे धरायलाच हवेत, कारण ते संघात होते. दुसरा प्रश्न प्रदेशाचा: विदर्भाची माती किती खेळाडू तयार करते? यात ते धरता येणार नाहीत. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘थोडंफार’ असू शकतं. दोघं भांडतात ते एकाच शब्दाचे दोन अर्थ घेऊन.

फळी दिसते ती जागा रिकामी झाल्यावर

समजा, आपण संघाचाच प्रश्न घेतला. मग मोजायचं कसं? चाहते नावं मोजतात: हा आहे, तो आहे, शिवाय तो डावखुरा आहेच. पण बाकावर बसलेला खेळाडू किती चांगला, हे तो बसलेला असताना कळणार कसं? त्यासाठी पहिल्या अकरातली जागा रिकामी व्हावी लागते. आणि ती का रिकामी झाली, हेही महत्त्वाचं. खेळाडू फॉर्मात नाही म्हणून वगळला, तर त्याच्या जागी आलेला चांगला दिसणारच, कारण तुलना मुळात पडत्या काळातल्या खेळाडूशी होते. जागा खेळाशी संबंध नसलेल्या कारणाने रिकामी झाली, तर मात्र तो जवळजवळ नैसर्गिक प्रयोग असतो. कोण बाहेर जाणार हे आपण ठरवलेलं नसतं, त्याच्या फॉर्मनेही ठरवलेलं नसतं.

विदर्भाच्या बाबतीत असे प्रसंग सापडतात. २०१७ च्या डिसेंबरअखेर इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता. त्या सामन्यात आदित्य ठाकरे हा तरुण वेगवान गोलंदाज रणजीत पहिल्यांदाच खेळला. विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. झालं! “उमेश नसताना जिंकलो, म्हणजे बेंच भक्कम,” हे वाक्य तेव्हापासून चालू आहे.

पण स्कोअरकार्ड नीट वाचा. पहिल्या डावात हॅटट्रिकसह ५९ धावांत ६ बळी घेतले ते रजनीश गुरबानीने. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच हॅटट्रिक. शतक ठोकलं अक्षय वाडकरने, १३३ धावांचं. हे दोघंही आधीपासून संघात होते. म्हणजे या सामन्याने काय सिद्ध केलं? उमेशची उणीव संघ सोसू शकतो, एवढं. त्याच्या जागी आलेला त्याच्याइतकाच चांगला होता, हे सिद्ध केलं नाही. ही दोन वेगळी विधानं आहेत. व्हायवात परीक्षक नेमकं इथेच पकडतात: तुमचा पुरावा पहिल्या विधानाचा आणि निष्कर्ष दुसऱ्याचा.

आता दुसरा प्रसंग. फेब्रुवारी २०१९, नागपूर, इराणी करंडक, समोर शेष भारत. उमेश नव्हता आणि मोसमात हजारावर धावा केलेला जाफरही जायबंदी होता. जाफरच्या जागी अठरा वर्षांचा अथर्व तायडे आला आणि त्याने चौथ्या डावात ७२ धावा केल्या. विदर्भापुढे २८० चं लक्ष्य होतं. ५ बाद २६९ वर सामना थांबला आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे राहिला. हा पुरावा जास्त थेट आहे, कारण इथे बदली आलेल्यानेच काम केलं. तरी तो एक डाव आहे. एका डावावरून खेळाडू मोजू नये, हे टपरीवर सगळे मान्य करतात. फक्त आवडत्या खेळाडूची वेळ आली की विसरतात.

आधी काय झालं, नंतर काय झालं

तिसरं उदाहरण फसवं आहे. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्रविरुद्ध ११ बळी घेणारा. २०२४-२५ मध्ये तो केरळकडून खेळला आणि अंतिम सामन्यात विदर्भाच्याच विरुद्ध त्याने ७९ धावा केल्या. त्याच मोसमात विदर्भाच्या हर्ष दुबेने, तोही डावखुरा फिरकीपटू, ६९ बळी घेऊन रणजीच्या एका मोसमातल्या सर्वाधिक बळींचा विक्रम केला. चाहत्यांची मांडणी सरळ आहे: सरवटे गेला, जागा झाली, दुबे वर आला.

ऐकायला पटतं. पण दुबे त्याच्या आदल्या मोसमातही संघात होता, आणि मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने एका डावात पाच बळी घेतले होते. तो बाकावरून उठून आलेला नव्हता. शिवाय एकाचं जाणं आणि दुसऱ्याचं वर येणं या घटना एकमेकींपासून सुट्या आहेत, असं आधीच गृहीत धरता येत नाही. अ मुळे ब झालं, ब मुळे अ झालं, की दोन्ही तिसऱ्याच कशामुळे झालं, हे तिन्ही पर्याय तपासल्याशिवाय बाण काढायचा नाही.

आणि विक्रमाचं म्हणाल तर आधीचा ६८ बळींचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा, २०१८-१९ मधला. त्याने ते आठ सामन्यांत घेतले, दुबेने दहा सामन्यांत. दर सामन्याला किती, असं बघितलं तर अमन पुढे. पण अमन प्लेट गटात खेळत होता, समोर बरेचसे नवखे संघ. दुबे एलिट गटात. एकूण आकडा, दर आणि समोरचा प्रतिस्पर्धी, तिन्ही एकत्र ठेवल्याशिवाय तुलना लंगडीच.

आता आपल्या यवतमाळचं

हीच कसोटी घरच्या खेळाडूला लावली की लोकांना जड जातं. यवतमाळ जिल्ह्यातला अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चार षटकं टाकली, चारही निर्धाव, शून्य धावांत दोन बळी. टी-२० मध्ये असं याआधी झालं नव्हतं. “चार ओव्हर, झिरो रन! याहून काय पायजे?” हा आपल्या तिसऱ्या पक्षाचा हुकमी एक्का.

पण पुरावा म्हणून तो हलका आहे. चोवीस चेंडू, आणि समोर २०१८-१९ मध्ये देशांतर्गत क्रिकेटमध्ये आलेला संघ, जो त्या दिवशी ५५ धावांत गारद झाला. विक्रम खरा, अभिमानही रास्त. फक्त खेळाडूची पातळी त्यावरून ठरत नाही. कर्णेवारच्या बाजूचा खरा पुरावा दुसरीकडे आहे. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात त्याने खालच्या फळीत येऊन नाबाद ७३ केल्या. विदर्भाचा डाव ३१२, सौराष्ट्राचा ३०७. आघाडी अवघ्या पाच धावांची! आणि काही दिवसांत त्या इराणी करंडकात १०२. समोर तगडे संघ, मोठा प्रसंग. तरी टपरीवर यातलं काही निघत नाही, कारण ‘शून्य’ हा आकडा गोष्ट म्हणून जास्त चांगला आहे. लक्षात राहणारा पुरावा आणि वजनदार पुरावा वेगळे असतात, हे डेटा गोळा करताना वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता मूळ तक्रार: जिल्ह्यातल्या पोरांना डावललं जातं. इथेही कर्णेवार दोन्ही बाजूंनी वापरला जातो. एक म्हणतो, तो पोचला म्हणजे दार उघडं आहे. दुसरा म्हणतो, इतक्या वर्षांत पोचले किती? दोघंही पोचलेल्याकडे बघतात. न पोचलेल्यांची नोंद कोणाकडेच नाही. बचत गटांच्या यशावर प्रबंध लिहायचा आणि मुलाखती फक्त आज चालू असलेल्या गटांच्या घ्यायच्या, तसं हे झालं. बंद पडलेले गट नमुन्यात आलेच नाहीत तर यश कशामुळे मिळालं, ते सांगणार कसं?

हा नुसता पद्धतीचा किस काढणं नाही. यवतमाळ ते नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. सोळा-सतरा वर्षांच्या पोराने किट बॅग घेऊन एसटीने तिथवर सतत जायचं, तर घरच्यांना पैसा आणि शाळेची हजेरी दोन्ही मोजावी लागतात. पोरं निवड चाचणीपर्यंत जाऊनही घेतली जात नसतील, तर दोष निवडीत आहे आणि उपाय निवड समितीत. पोरं चाचणीपर्यंतच पोचत नसतील, तर उपाय प्रवासखर्चात आणि चाचण्या जिल्ह्यात घेण्यात. आणि पोचूनही कमी पडत असतील, कारण मॅटवर खेळून एकदम टर्फवर उभं राहावं लागतं, तर उपाय खेळपट्टीत आणि प्रशिक्षकात आहे. तीन निदानं, तीन औषधं. “डावललं जातं” या एका वाक्यात तिन्ही कोंबली की ज्याच्याकडे मागणी न्यायची, तो तिन्हींतून सहज सुटतो.

कोणाला यावर खरंच काम करायचं असेल, तर विषय तयार आहे. अमरावती विद्यापीठात शारीरिक शिक्षण, समाजशास्त्र, संख्याशास्त्र, कुठल्याही बाजूने शिरता येईल. दर जिल्ह्यात त्या वयोगटातली किती मुलं नियमित खेळतात, त्यातली किती चाचणीला गेली, किती निवडली गेली, आणि निवडलेल्यांना प्रत्यक्ष किती सामने मिळाले, हे चार आकडे वर्षवार आणि जिल्हावार लावायचे. ते एका जागी मिळणार नाहीत. क्लबांच्या जुन्या स्कोअरबुका शोधाव्या लागतील, सोडून गेलेल्या खेळाडूंना गाठावं लागेल, आणि जे आज कापसाच्या जिनिंगवर किंवा मोबाईलच्या दुकानात आहेत त्यांना विचारावं लागेल की कुठल्या वर्षी, कुठल्या टप्प्यावर थांबलात. सुरुवात मात्र एका ओळीने करा: कुठला आकडा आला तर मी माझं म्हणणं मागे घेईन? ती ओळ लिहिता आली नाही, तर सिनॉप्सिस अजून गाईडकडे नेऊ नका.